रबरी कडीच्या रिकिबी: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला घोडीची पूजा झाल्यावर दोन दिवसांनी मी तिच्या खोगिराच्या जुन्या लोखंडी रिकिबी, म्हणजे स्वाराने पाय ठेवायचे आधार, उतरवल्या आणि बाहेरच्या बाजूला रबरी कडी असलेल्या सुरक्षा रिकिबी लावल्या. घोडी भिमथडी जातीची, नऊ वर्षांची आहे. रोज पहाटे साताऱ्याहून क्षेत्र माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमापर्यंत जाऊन परत येणे, एवढा आमचा नेम आहे.

या रिकिबीची आतली बाजू अखंड धातूची असते. बाहेरची बाजू उघडी असून वरच्या आणि खालच्या आकड्यात जाड रबरी कडी ताणून ती बंद केलेली असते. स्वार पडताना पाय अडकला, तर त्या ओढीने कडी आकड्यावरून निसटते आणि पाय मोकळा होतो. घोड्यावरून पडण्यापेक्षा रिकिबीत पाय अडकून फरफटत जाणे कितीतरी अधिक जीवघेणे असते, म्हणून मी हा खर्च केला. रबर नेहमी बाहेरच्या अंगाला हवे. पहिल्याच दिवशी भाच्याने डावी-उजवी अदलाबदल केली होती आणि ती माझ्या नजरेस आली नसती, तर या रिकिबींचा काहीच उपयोग झाला नसता.

त्यांची खरी परीक्षा जानेवारीत झाली. गळीत हंगाम भरात होता, आणि माहुलीच्या वाटेवर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून मागून आला. घोड्याला दोन्ही बाजूंचे बरेच दूरवर दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. त्यामुळे आवाज आधी आला, वाहन नंतर दिसले आणि घोडी एकदम बाजूला उडाली. मी उजवीकडे पडलो. डावा पाय सहज सुटला, उजवा मात्र क्षणभर अडकला आणि लगेच मोकळा झाला. उठून पाहिले, तेव्हा रबरी कडी खालच्या आकड्यातून सुटून वरच्या आकड्याला लोंबकळत होती आणि घोडी वीस पावलांवर थरथरत उभी होती. हेल्मेटवर बोटाच्या पेराएवढा ओरखडा होता. आतला फोमचा थर एकदा दबला की पुन्हा तेवढा धक्का झेलत नाही, म्हणून वरून धड दिसणारे ते हेल्मेट मी त्याच आठवड्यात बदलले. मोटारसायकलचे हेल्मेट घालून घोड्यावर बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की घोडेस्वारीसाठी बनवलेलेच घ्यावे. ते हलके असते आणि त्यातून मागचा आवाजही नीट ऐकू येतो.

आता दोष सांगतो. एप्रिलच्या उन्हात एका कडीला आकड्याजवळ केसासारख्या बारीक चिरा पडल्या. तेव्हापासून मी खोगीर घालण्यापूर्वी कडी बोटांनी ताणून पाहतो आणि खोगीर सावलीतच ठेवतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. एक बाजू उघडी असल्यामुळे जमिनीवरून रिकिबीत पाय ठेवून वजनदार माणूस चढला, तर सांगाडा हळूहळू वाकतो. माझे वजन ७८ किलो आहे, आणि डावी रिकीब सहा महिन्यांत किंचित आत झुकली. मी आता ओट्यावरून चढतो. त्याने घोडीच्या पाठीवरचा ताणही कमी झाला.

माप घेताना बुटाच्या रुंदीपेक्षा रिकीब साधारण अडीच सेंटीमीटर जास्त रुंद असावी, आणि बुटाला टाच असावीच. चपला घालून स्वार होणारे आपल्याकडे पुष्कळ दिसतात. त्यांचा पाय रिकिबीतून आरपार जाऊ शकतो, आणि अशा वेळी कडी सुटेलच असे नाही.

रोज रिकीब तपासायला वाकू लागल्यामुळे माझे लक्ष तंगाकडेही, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याकडेही, जाऊ लागले. मार्चमध्ये तंगाखाली, पुढच्या पायामागे, रुपयाएवढी जागा लाल होऊन केस गेलेले दिसले; वाळलेला घाम आणि धूळ तिथे घासत होती. आठ दिवस खोगीर बंद ठेवले, जखम रोज कोमट पाण्याने धुतली, आणि तेव्हापासून फेरीनंतर तंगाची जागा ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय मी खरारा सुरू करत नाही. खोगीर घालताना घोडी पोट फुगवते, त्यामुळे शंभरेक पावले चालवून तंग पुन्हा आवळावा लागतो. ढिल्या तंगामुळे खोगीर फिरले, तर कोणतीही रिकीब वाचवणार नाही.

माझ्या बारा वर्षांच्या मुलीसाठी मी याच प्रकारची लहान जोडी मागवली आहे. स्वतःसाठी मात्र पुढची जोडी रबराऐवजी बिजागरीने बाहेर उघडणाऱ्या बाजूची घेणार आहे, आणि पंचाहत्तर किलोंच्या वरच्या स्वारांना तीच सुचवेन.