एव्रोसची सहल: प्रदेश अव्वल, आखणी मध्यम

ग्रीसच्या सहलीचे पत्रक हाती आले की त्यावर अथेन्स आणि सँटोरिनी ही नावे ठरलेलीच असतात. त्यामुळे साताऱ्यातील एका छोट्या सहल कंपनीने तुर्कस्तान आणि बल्गेरिया या दोन्ही देशांना लागून असलेला ईशान्येकडील एव्रोस जिल्हा निवडला, याचे कौतुक आधीच नोंदवतो. प्रदेशाविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. कंपनीविषयी मात्र आहे.

या भागाचे खरे वैभव सुफ्ली या गावात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव रेशमावर भरभराटीला आले आणि तेथील विटांची उंच कोषघरे अजून उभी आहेत. त्यांत खाली माणसे राहत आणि वरच्या प्रशस्त मजल्यांवर रेशीमकिडे वाढवले जात. 1883 साली बांधलेल्या कुर्तिदिस वाड्यात आता रेशीम संग्रहालय आहे. अंड्यांपासून कोषापर्यंत आणि कोषापासून धाग्यापर्यंतची सारी प्रक्रिया तेथे क्रमाने मांडलेली आहे. आमच्या गटात घरी तुतीची बाग असलेले काही शेतकरी होते आणि या दालनांमधून त्यांचा पाय निघेना. लहान अळ्यांना पाला बारीक चिरून घालतात हे पाहून, आपल्याकडे चॉकीला, म्हणजे अळ्यांच्या कोवळ्या अवस्थेत, हेच करतात, असे ते एकमेकांना सांगत होते. त्यांच्यातील एका ज्येष्ठांनी, “ताई, इथे कोषाला किलोमागे काय भाव मिळतो?” असे विचारले, तेव्हा कंपनीच्या मार्गदर्शक मुलीने “अण्णा, विचारून सांगते,” असे उत्तर दिले आणि तो भाव शेवटपर्यंत कळला नाही. हा व्यवसाय पुढे का आटला, हेही तिने सांगायला हवे होते. तुर्कस्तानबरोबर झालेल्या 1923 च्या लोझान तहानंतर एव्रोस नदी ही सीमा कायम झाली, सुफ्लीकरांच्या तुतीच्या बागा पलीकडच्या काठावर तुर्कस्तानात राहिल्या आणि त्यात पुढे कृत्रिम रेशमाची भर पडली. पाल्याविना किडे जगवता येत नाहीत, हे आमच्या शेतकऱ्यांना समजावण्याची गरजच नव्हती. अशा ठिकाणी कंपनीने केवळ एक दुपार ठेवली होती.

जवळच्या दादियाच्या जंगलाला त्या मानाने बरा वेळ मिळाला. 1980 पासून संरक्षित असलेल्या या जंगलाला 2006 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बाल्कन द्वीपकल्पातील काळ्या गिधाडांची वीण दीर्घकाळ याच एका जंगलात टिकून राहिली. गिधाडांसाठी ठरावीक जागी मांस टाकले जाते आणि समोरच्या टेकडीवरील लपणातून दुर्बिणीने त्यांचे निरीक्षण करता येते. अडीच मीटरहून अधिक विस्ताराचे पंख किंचितही न हलवता एक काळे गिधाड दरीवर बराच वेळ तरंगत राहिले, तेव्हा नेहमी बडबड करणारी आमची मंडळीसुद्धा गप्प झाली. ऑगस्ट 2023 मधील वणव्याने या परिसरातील 90 हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. युरोपीय संघातील नोंद झालेला तो सर्वांत मोठा वणवा होता. पत्रकावरील छायाचित्रे मात्र त्यापूर्वीची, सगळी हिरवीगार आहेत. हे ग्राहकांना आधी सांगायला हवे होते.

सर्वांत मोठी चूक एव्रोसच्या त्रिभुज प्रदेशात झाली. रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतील, ही पाणथळ जागा रोहित पक्ष्यांसाठी आणि हिवाळी हंस-बदकांसाठी प्रसिद्ध आहे. पण सीमेलगतच्या भागात जाण्यासाठी पूर्वपरवानगी लागते आणि ती कंपनीने काढलीच नव्हती. परिणामी आम्हाला बाहेरच्या बाजूने थोडे पक्षी पाहून परतावे लागले. नावेच्या फेरीचे पैसे मागितल्यावर परत मिळाले, एवढे मान्य करतो.

फेरेस येथील 1152 मधील कोस्मोसोतिराचे चर्च आणि दिदिमोतिखो येथील 1420 मध्ये पूर्ण झालेली बायझिदची मशीद ही ठिकाणे घाईत उरकली. मशिदीचे लाकडी छत 2017 च्या आगीत जळाले होते. याउलट अलेक्झांड्रूपोलीच्या 1880 मधील दीपगृहाजवळच्या बाजारात खरेदीसाठी अख्खी संध्याकाळ मोकळी सोडली होती, जिची कुणी मागणी केली नव्हती.

जेवणाची सोय अपेक्षेपेक्षा चांगली होती. पालक आणि चीज भरलेली पाई, टोमॅटोच्या रश्शातील मोठे पांढरे घेवडे आणि भाजलेली वांगी यांवर शाकाहारी मंडळींचे व्यवस्थित भागले. बरोबर नेलेल्या भडंगाला दोनच संध्याकाळी हात लागला.

कंपनी ही सहल पुन्हा काढणार आहे. नाव नोंदवणाऱ्यांनी त्रिभुज प्रदेशाची परवानगी काढली आहे का आणि सुफ्लीत मुक्काम आहे का, या दोन गोष्टी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्याव्यात.