खिशातली टॉर्च: पेन्सिल सेलची की १८६५०ची?

रोज जवळ बाळगायला कोणती टॉर्च घ्यावी, पेन्सिल सेलची की १८६५० नावाच्या, चार्ज होणाऱ्या लिथियम सेलची, यावर एका मित्राचं अडलंय. खोक्यावरचे ल्युमेन (उजेडाचं माप) आधी विसरा. तो आकडा पहिल्या एक-दोन मिनिटांचा. टॉर्च तापली की उजेड आपोआप उतरतो. ‘इतके तास चालते’ हेही उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात!

ताकदीत १८६५० लिथियम सेल सरळ पुढे, ऊर्जा एए पेन्सिल सेलच्या तिपटीहून जास्त. पण तो १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब. पँटच्या खिशात जाणवतोच. एएची टॉर्च शर्टाच्या खिशाला पेनासारखी अडकते.

टिकाऊपणात खरी गोम आहे. अल्कलाइन सेल आत विसरलात तर गळतो आणि स्प्रिंग खातो. म्हणून एएमध्ये रिचार्जेबल निकेल सेलच वापरा, खर्चही वाचतो. लिथियमवाल्या टॉर्चमध्ये सेल बाहेर काढता येतो का ते बघा. बंदिस्त असेल तर सेल गेला की टॉर्चही गेली.

जिना, कुलूप, फ्यूज एवढंच काम असेल तर एए पुरे. रोज रात्री तासभर बाहेर वावर असेल तर १८६५०. गाडीत महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर पुन्हा एएच, पण चार्ज न होणारे लिथियम सेल घालून.