स्प्रिंग, साइड लिव्हर की पीसीपी: गावातल्या रेंजसाठी पहिली एअर रायफल

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका क्रीडाशिक्षकांना बंद पडलेल्या जिनिंगचं शेड मिळालं आहे. 10 मीटरची रेंज त्यात आरामात बसते, शिकायला आठ-दहा पोरंपोरी तयार आहेत. पहिली रायफल म्हणून सरांनी मनात पीसीपी धरली आहे, म्हणजे सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. मी उलट विचारलं, "सर, हवा कुठून भरणार?" गावात रायफल निवडायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

पीसीपीचा सिलिंडर साधारण 200 बार दाबाला भरतात. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर 8-10 बारवर थांबतो. वेल्डिंगवाल्याकडे मोठ्या दाबाची टाकी असते, पण तिच्यात ऑक्सिजन असतो. तो रायफलमध्ये कधीही भरू नये. आतल्या वंगणाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो, आणि रायफल तर गालाशी टेकलेली असते. मग उरतात शहरातून भरून आणलेला स्कूबा (पाणबुड्यांचा) सिलिंडर, हवा भरायचा हातपंप किंवा छोटा उच्चदाब कॉम्प्रेसर. हातपंपाने घाम निघतो, आणि पावसाळ्यात दमट हवेतलं पाणी सिलिंडरात उतरून आतून गंज धरतो. कॉम्प्रेसरचं गणित लोडशेडिंगवर अवलंबून. 12 व्होल्टचा घेतला तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, पण मधूनमधून थंड होऊ द्यावा लागतो. मे महिन्यात भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत ठेवू नका: 25 अंशाला 200 बार असलेली हवा 65 अंशाला 225 च्या पुढे जाते.

एवढा व्याप करूनही पीसीपी का घ्यावी? धक्का जवळजवळ नाही आणि कॉक करायला, म्हणजे गोळीसाठी सज्ज करायला, जोर लागत नाही. एका भरण्यात दोनशेच्या आसपास गोळ्या सुटतात. स्पर्धेच्या पात्रता फेरीत 75 मिनिटांत 60 गोळ्या मारायच्या असतात, आणि निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. बारा वर्षांच्या मुलीचा दंड चाळिसाव्या गोळीला थकला असेल, तर तिचं खरं कौशल्य तुम्हाला दिसणारच नाही. परदेशी मॅच (स्पर्धेच्या) रायफलची किंमत मात्र लाखांच्या घरात जाते.

स्प्रिंगच्या रायफलला हवेची चिंताच नाही. नळी सांध्यात खाली वाकवा, छर्रा घाला, नळी बंद करा, मारा. देशी बनावटीची मिळते आणि तालुक्याचा चांगला मिस्त्री स्प्रिंग बदलून देऊ शकतो. दोष एकच, पण मोठा आहे: छर्रा नळीतून सुटण्याआधीच आतला पिस्टन उडी मारतो. पकड जराशी बदलली की निशाण्यावर गोळ्या पसरतात. म्हणून रायफल आवळून धरू नये, तळहातावर सैल टेकू द्यावी. छर्र्याशिवाय चाप ओढला तर पिस्टन आणि सील खराब होतात, आणि लहान पोरं नेमकं तेच करतात. तरीही शालेय स्पर्धांत ओपन साइटचा (नळीवरच्या साध्या उघड्या नेमाचा) वेगळा गट असतो, त्याच्या तयारीला ही रायफल पुरते.

तिसरा पर्याय फारसं कोणी सुचवत नाही: जर्मन फाइनवेर्कबाउ कंपनीच्या 603 सारखी जुनी साइड लिव्हर (बाजूला दांडा असलेली) मॅच रायफल. लिव्हर एकदा ओढली की एका गोळीपुरती हवा दाबली जाते. पंप नको, वीज नको, आणि धक्काही पीसीपीसारखाच नगण्य. सेकंडहँड घेताना लिव्हर ओढून दहा मिनिटं थांबा, मग मारा. आवाज मवाळ झाला तर सील गेलं समजा. सुटे भाग मिळायला वेळ लागतो. सीलचा एक संच सौद्यातच मागून घ्या.

सरांना मी असं सांगितलं: आधी दोन देशी स्प्रिंग रायफली आणि चांगली मिळाली तर एक साइड लिव्हर. चार-सहा महिन्यांत ज्या एक-दोन पोरांचा हात बसेल, त्यांच्यासाठी पीसीपी, तीही जास्तीच्या सिलिंडरसह. जुनी पीसीपी घेत असाल तर सिलिंडरवरची मुदत आधी वाचा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि घरी वापरणंही धोक्याचं.

4.5 मिमीच्या आणि 20 जूलच्या आत ताकद असलेल्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. पण ती शेडबाहेर पाखरांवर रोखली तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून शेडच्या दाराशी साबण आणि पाण्याचा ड्रम ठेवा. हात धुतल्याशिवाय कोणी जेवणाचा डबा उघडायचा नाही.