मास इफेक्टचा पहिला भाग की दुसरा? सामानाचा आणि संवादाचा हिशेब

बोटी किनाऱ्यावर ओढल्या आहेत, पाऊस लागलाय, मालवण-देवगडकडे संध्याकाळी घराबाहेर पडायची सोय नाही. एवढ्या दिवसांत एक मोठी आरपीजी, म्हणजे एखादी भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम, निवांत होते. मास इफेक्ट या अंतराळातल्या गेमचा पहिला भाग (2007) आधी खेळायचा की थेट दुसरा (2010), हे ग्राफिक्स बघून ठरवू नका. सामान सांभाळणं आणि माणसांशी बोलणं, या दोन बाबतींत हे भाग एकमेकांपासून फार लांब गेले आहेत.

पहिल्या भागातली इन्व्हेंटरी (सामानाची यादी) म्हणजे वर्षानुवर्षं न आवरलेला माळा. शेपर्ड (तुम्ही खेळता ते मुख्य पात्र) आणि सहा साथीदार, सगळ्यांची शस्त्रं, चिलखतं, गोळ्यांचे प्रकार आणि सुटे भाग एकाच यादीत पडतात. मर्यादा 150 वस्तूंची. एकच बंदूक I ते X अशा दहा दर्जांत येते, त्यामुळे यादी फुगत जाते आणि ऐन मोहिमेत जागा संपते. मग हाती आलेली चांगली वस्तूही वितळवून ऑम्नी-जेल करावी लागते. जेल वाया जात नाही. कुलपं उघडायला आणि माको गाडी दुरुस्त करायला ते लागतंच. तरी प्रत्येक दुकानात थांबून खालच्या दर्जाचा माल विकायची सवय पहिल्या तासापासून लावा. 2021च्या लेजेंडरी एडिशन या सुधारित आवृत्तीत यादी क्रमाने लावता येते आणि नको त्या वस्तूंवर ‘भंगार’ अशी खूण करून त्या एकदम विकता किंवा वितळवता येतात. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी या एका सोयीसाठी नवीच घ्यावी.

दुसऱ्या भागात माळाच काढून टाकलाय. मोहिमेआधी शस्त्रं निवडायची आणि निघायचं. साथीदारांची चिलखतं बदलता येत नाहीत, फक्त पोशाख बदलतात. सुधारणा जहाजावरच्या प्रयोगशाळेत होतात आणि त्यांना चार खनिजं लागतात. ती मिळवायला ग्रहांवर स्कॅनर फिरवत बसावं लागतं. सुरुवातीला खनिजं काढायला ग्रहावर सोडायचे 30 प्रोब जवळ असतात. यादी आवरण्याचा वेळ वाचतो, तो इथे जातो. ‘रिच’ शेरा असलेले ग्रह तेवढे उपसा, बाकीचे सोडा.

खरा फरक मात्र बोलण्यात आहे. दोन्हीकडे संवादाचं चक्र (उत्तर निवडायचं वर्तुळ) सारखंच दिसतं: समोरच्याला पटवायचा निळा पर्याय वर डावीकडे, धमकावायचा लाल खाली डावीकडे. पहिल्या भागात यासाठी ‘चार्म’ आणि ‘इंटिमिडेट’ ही वेगळी कौशल्यं आहेत, प्रत्येकी 12 पायऱ्यांची. लेव्हल वाढल्यावर मिळणारे पॉइंट बंदुकीवर घालायचे की जिभेवर, हे तुम्ही ठरवता. चार्मने दुकानातले भाव उतरतात, इंटिमिडेटने तुमच्या मालाला भाव चढतो. म्हणजे गोड बोलण्याचा फायदा झोळीलाही होतो. पॉइंट घातले नाहीत तर व्हर्मायर ग्रहावर चिडलेल्या रेक्स या साथीदाराला आवरणं जड जातं. त्याच्या घराण्याचं चिलखत आधी शोधून दिलं असेल तर वाट सोपी होते.

दुसऱ्या भागात ही कौशल्यं नाहीत. तोवर पाहिलेल्या जागांवर जेवढे पॅरागॉन (सौम्य) किंवा रेनेगेड (कठोर) वागण्याचे गुण मिळू शकत होते, त्यातले तुम्ही किती मिळवले, यावर पर्याय उघडतो. ही मेख खेळात कुठे नीट सांगितलेली नाही. कधी सौम्य, कधी कठोर असं माणसासारखं वागलात की दोन्ही बाजू अर्धवट राहतात आणि मिरांडा आणि जॅक या दोन साथीदारांच्या भांडणात दोन्ही पर्याय करडे, म्हणजे निवडता न येणारे, दिसतात. मग एकीची निष्ठा जाते. म्हणून एक बाजू धरा आणि त्या दोघींच्या मोहिमा लवकर उरका. भर संभाषणात एका बटणाने मधे पडता येणारे ‘इंटरप्ट’ ही या भागाची मोठी कमाई. ती खूण क्षणभरच दिसते, तेव्हा हात बटणावरच ठेवा.

बोलण्यात मोकळीक हवी असेल तर आमचं मत पहिल्या भागाला. त्याचा सेव्ह (जतन केलेला खेळ) दुसऱ्यात आणला की निर्णय तर येतातच, शिवाय सुरुवातीचे गुण, पैसे आणि खनिजंही मिळतात. थेट दुसऱ्यापासून सुरू केलंत आणि लेजेंडरी एडिशनमधल्या सुरुवातीच्या कॉमिकमध्ये निवड केली नाहीत, तर मागचे निर्णय खेळ स्वतःच ठरवतो, आणि त्यात रेक्स जिवंत नसतो. यादी आवरायचा मनापासून कंटाळा असेल, तरच दुसरा आधी.

लेजेंडरी एडिशनला पीसीवर सुमारे 120 जीबी जागा लागते. तेवढं उतरवायला 40 एमबीपीएसचा वेग टिकला तर जवळजवळ सात तास. रोजच्या 2 जीबी मोबाइल डेटावर दोन महिने, म्हणजे पावसाळा संपेलच. लढाई चालू असताना सेव्ह होत नाही, तेव्हा वीज जाण्याची लक्षणं दिसली की दार उघडण्याआधी सेव्ह करा.