उन्हात खराब झालेलं तेल 'शुद्ध औषधी' म्हणून गळ्यात मारलं

"तेल शुद्ध आहे ना?" एवढंच विचारून सुगंधी तेलं घेत असाल तर हे वाचाच. मला फसवणाऱ्यानं भेसळ केलीच नव्हती, आणि त्या एका गोष्टीवर तो सहीसलामत सुटला.

टी ट्री १०० मिली, लॅव्हेंडर १०० मिली, बडीशेप ५० मिली, गवती चहा ५० मिली, निळं कॅमोमाइल १० मिली. एकूण ३१० मिली. ४० टक्के सवलत, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले पार्सल उघडायच्या आधी. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: आज शेवटचा दिवस, थोडाच माल उरलाय, आणि पैसे पोचले की फोन उचलायचा नाही.

राग येतो तो त्या व्हिडिओचा. मी पैसे भरण्याआधी त्यानं तो पाठवला होता. पारदर्शक काचेच्या मोठ्या बरण्या, मागे खिडकी, तेलातून आरपार ऊन. "रंग बघा, काहीही मिसळलेलं नाही." तिथेच खटकायला हवं होतं! औषधी म्हणून विकायचं तेल कुणी उन्हात मांडून ठेवतं का? पण घरी आल्या त्या तपकिरी बाटल्या, वर ठळक छापलेलं: प्रकाशापासून दूर ठेवा. तपकिरी काच अतिनील आणि बराचसा निळा प्रकाश अडवते, हे मला माहीत होतं आणि मी ते बघूनच घेते. बाटलीत भरण्याआधी तेल कुठे पडून होतं, हे बाहेरून कुणाला कळणार? एकदा सुरू झालेलं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजननं तेल बिघडणं, बाटली अंधारात ठेवली तरी थांबत नाही. विकत घ्यायच्या आधी विचारा: तेल कधी काढलं, आणि बाटलीत भरेपर्यंत कशात साठवलं?

कॅमोमाइल उघडलं तर हिरवट. त्याचा गडद निळा रंग कॅमाझुलीन या घटकाचा असतो. प्रकाश आणि हवा लागत राहिली की तो हिरवा आणि पुढे तपकिरी होतो. विक्रेता म्हणाला, "नैसर्गिक आहे, रंग बदलतोच." टी ट्रीच्या झाकणाखाली चिकट पिवळसर कड आणि वास थेट टर्पेंटाइनचा. या तेलातली टर्पिनीन नावाची द्रव्यं प्रकाशात आणि हवेत मोडून पॅरा-सायमीन हे दुसरं द्रव्य वाढतं, सोबत पेरॉक्साइडं, म्हणजे ऑक्सिजन जोडून बनलेली रसायनं, तयार होतात. लॅव्हेंडरमधल्या लिनालूल या घटकाचीही तशीच हायड्रोपेरॉक्साइडं होतात, आणि त्यांची त्वचेला ॲलर्जी येते. मी टी ट्री दुसऱ्या तेलात नीट पातळ करूनच लावलं होतं, तरी कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे उठले. बडीशेपेचं तेल तसंच ठेवून दिलं. त्यातला मुख्य घटक ट्रान्स-ॲनेथोल प्रकाशात सिस रूपात (तोच रेणू, मांडणी वेगळी) बदलतो, आणि ते जास्त विषारी. वास बदललेलं तेल "वाया कशाला घालवायचं" म्हणून अंगाला लावू नका!

मग तक्रार. औषध विभाग म्हणाला, हे सौंदर्यप्रसाधन. सौंदर्यप्रसाधनवाले म्हणाले, लेबलवर औषधी गुण लिहिलेत, आमच्याकडे येत नाही. ग्राहक कक्षानं तक्रार नोंदवून विक्रेत्याकडेच पाठवली, त्यानं "माल अस्सल" असं उत्तर दिलं, आणि तेवढ्यावर तक्रार निकाली! मी बाटल्या, व्हिडिओ, चट्ट्यांचे फोटो घेऊन गेले तर टेबलामागच्या माणसानं झाकण उघडून वाससुद्धा घेतला नाही. स्वतःच्या पैशानं तपासणी करून घेतली. उत्तर आलं, तेल लॅव्हेंडरचंच आहे, भेसळ नाही. अहो, ते मलाही दिसतंय! पेरॉक्साइड किती झालं ते बघा म्हटलं, तर ती चाचणी वेगळी, ती अर्जात नव्हती. अर्जात काय लिहायचं हे सांगणं कुणाचं काम? चट्टे माझ्या हातावर, आणि पुरावाही मीच शोधायचा?

विक्रेत्यानं दिलेल्या तेलाच्या तपासणी अहवालावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. तो अहवाल आधी मागवा, क्रमांक जुळवा, तारीख बघा. तपासणीच्या अर्जात "पेरॉक्साइड मूल्य" असं स्पष्ट लिहा. लिंबू-संत्र्याच्या सालीची तेलं तर फार लवकर बिघडतात, ती छोट्या बाटलीतच घ्या. अर्धी रिकामी मोठी बाटली म्हणजे आत तेवढी हवा.

विक्रेत्यानं शेवटी पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट देऊ केली. पैसे परत नाहीत. आणि एकाच तेलाच्या दोन बाटल्या घेतल्या असतील तर एकीचं सील अजिबात फोडू नका. उघडलेली बाटली "तुम्हीच उन्हात ठेवली असेल" म्हणून माझ्या तोंडावर परत केली.