गाडीत अ‍ॅम्प-सबवूफर बसवणार असाल तर आधी हे वाचा: माझे ३८,५०० गेले

आकडे आधी देतो, म्हणजे हा उगाच बोंबलतोय असं कुणी म्हणायला नको. मोनो अ‍ॅम्प (आवाजाला ताकद देणारं यंत्र) १४,५००. बॉक्ससकट बारा इंची सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, ९,८००. वायरिंग किट ३,२००, फिटिंग २,५००, आणि 'गेन सेटिंग व ट्यूनिंग' असं वेगळं लिहून २,०००. झाले ३२,०००. सबवूफर जळाल्यावर दुसऱ्या स्पीकरचे आणखी ६,५००. दुकान गोव्यात, म्हापशातलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल. दाराशी डिकी उघडून ठेवलेली गाडी, छातीत धडधडणारा बेस, आणि आत गेलं की "पात्रांव (साहेब), पंधराशे वॅट आहे, डोळे मिटून घ्या." चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी गर्दी असते, तेव्हा तर विचार करायला वेळच देत नाहीत. ५,००० यूपीआयने आगाऊ घेतले, उरलेले २७,००० रोख, कारण "बिल केलं तर टॅक्स तुमच्याच डोक्यावर." हातात पडला तो साध्या कागदावरचा हिशेब. पक्कं बिल मिळत नसेल तर तिथूनच परत फिरा, माल कितीही चांगला वाटो.

आता ती वेळ, जी आठवली की अजून रक्त खवळतं. ट्यूनिंग म्हणजे दुकानदाराने काय केलं? एक गाणं मोठ्याने लावलं, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि गेनचा, म्हणजे अ‍ॅम्प आलेला सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारा, स्क्रू फिरवत फिरवत शेवटाला नेला. बेस बूस्टही पूर्ण. आरसा थरथरायला लागला तसा म्हणाला, "बघा, आता कसा मारतो!" अ‍ॅम्पवर एक लाल दिवा लुकलुकत होता, खाली 'क्लिप' असं छापलेलं. मी विचारलं. तो म्हणाला, "ती लायटिंग आहे, शो साठी." माझ्या डोळ्यांसमोर दिवा लागत होता आणि माझ्याच तोंडावर तो खोटं बोलत होता. हातात व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर नाही, टेस्ट टोन (चाचणीचा एकसुरी आवाज) नाही. तिथेच गाडी बाहेर काढायला हवी होती हे आज कळतं. पण मी डिचोलीत शाळेत शिकवणारा माणूस, मला कुठून कळणार? ज्याला कळतं त्यानेच ते करावं म्हणून तर वेगळे २,००० मोजले होते!

थोड्याच दिवसांत डिकीतून जळक्या वार्निशसारखा वास आला आणि बेस गेला. दुकानदार म्हणाला, तुम्ही आवाज जास्त केलात. जुना स्पीकर 'वॉरंटीला पाठवतो' म्हणून ठेवून घेतला, नव्याचे ६,५०० घेतले आणि गेनला हातही लावला नाही. पुन्हा तोच वास यायला लागल्यावर मी सगळं बंद केलं आणि गाडी फोंड्याला नेली. तिथे नाटकांना, जत्रांना साऊंड पुरवणारे एक काका आहेत.

काकांनी अ‍ॅम्पच्या तारा छोट्या ऑसिलोस्कोपला (विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला) जोडल्या. लाटेची डोकी सपाट छाटलेली. 'क्लिप'चा लाल दिवा हेच सांगत होता. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, ते म्हणाले. स्टिरिओतून जेवढं व्होल्टेज येतं त्याच्याशी अ‍ॅम्प जुळवायचा असतो. लाट छाटली गेली की कॉईलमध्ये जास्त शक्ती जाते, ती तापते आणि शेवटी जळते. माझा सबवूफर आरएमएस (सतत पेलता येणारी शक्ती) ३०० वॅट, ४ ओहम. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ३४.६ व्होल्ट. स्पीकर काढून, बेस बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, स्टिरिओचा आवाज पाऊण, ५० हर्ट्झचा टोन, मल्टिमीटर अ‍ॅम्पच्या आउटपुटला, एसी व्होल्टवर. गेन हळूहळू वाढवत ३४.६ च्या आत थांबायचं. लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) साधारण ८० हर्ट्झवर. सगळं मिळून काही मिनिटांचं काम!

आणि ते पंधराशे वॅट? अ‍ॅम्पवर एकच ३० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरा, तरी आत जाणार ४३२ वॅट, त्यातलेही काही उष्णतेत जाणार. बाहेर पंधराशे येणार कुठून? खोक्यावरचा 'मॅक्स'चा आकडा वाचू नका, आरएमएस विचारा, फ्यूज बघा.

वायर खरवडली तर आत पांढरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. आपल्या खाऱ्या हवेत त्याचे जोड किती टिकणार? त्याहून भयंकर म्हणजे बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. दीड फुटाच्या आत तो असायलाच हवा, नाहीतर वायर कुठे घासून पत्र्याला टेकली की आग. त्या गाडीत माझी मुलं बसत होती.

पोलिसांकडे गेलो. "हा दिवाणी मामला." वर ऐकवलं, एवढा आवाज करता, खरं तर तुम्हालाच चलान फाडायला हवं. फसवलेला माणूस समोर उभा आहे आणि त्यालाच दम! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, काही दिवसांनी 'निकाली' असा मेसेज. काय निकाली निघालं? एक रुपया नाही, दुकानदाराला फोन केला का तेही कुणी सांगत नाही. खोक्यावर ना एमआरपी, ना आयात करणाऱ्याचं नाव, जे पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार छापणं बंधनकारक आहे. ते घेऊन एका कार्यालयात गेलो तर साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेलो, तर टेबल बदललेलं. बिल आणा म्हणतात. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! यूपीआयची नोंद दाखवली तर ती दुकानाच्या नव्हे, भलत्याच माणसाच्या नावावर. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा.

आता ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, हे मला एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. काकांनी गेन मोजल्याचे फोटो जोडलेत. जळालेला पहिला स्पीकर मात्र दुकानदाराकडेच आहे आणि आता तो म्हणतो, असा स्पीकर आलाच नव्हता. तुमचा जळाला तर त्याच्या हाती देऊ नका. काळी पडलेली कॉईल हाच पुरावा आहे.