राउटरला म्हणे विंडोज सेव्हन चालत नाही!

रामबागेतल्या आमच्या घरी गेल्या महिन्यात फायबरचं कनेक्शन बदललं आणि नवा, चार अँटेनांचा राउटर आला. फोन लगेच जोडले गेले. माझा लॅपटॉप मात्र अडून बसला. वायफायचं नाव दिसायचं, पासवर्डही बरोबर, तरी जोडलं जाईना. लॅपटॉप 2012 चा, विंडोज सेव्हनवाला. तो मी एकाच कामासाठी जपला होता. आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची स्मरणिका त्यातल्या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरवर लागते.

ओळखीतून एका रिपेअरवाल्याला बोलावलं. त्याने स्क्रीन बघताच मान हलवली. "अंकलजी, नया राउटर है, सेव्हन को सपोर्ट ही नहीं करेगा. इलेव्हन डालना पड़ेगा." वर सेव्हन किती धोक्याचं आहे, हेही सांगितलं. ते मात्र खरं होतं, मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला त्याचे अपडेट थांबवले आहेत. त्या एका खऱ्या गोष्टीमुळेच मी पुढचं सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं.

'ओरिजिनल विंडोज'चे 3,500, 'राउटर मॅचिंग'चे 800, घरी येण्याचे 500. एकूण 4,800, रोख. बिल मागितलं तर "दुकान पे आ जाना, दे देंगे". दोन तास तो बसला, मध्ये हिने चहा-पोहेही दिले. शेवटी वायफाय चालू झालं आणि मी खूश.

संध्याकाळी माडीवरची मुलगी तिचा जुना लॅपटॉप घेऊन खाली आली. तिच्याकडचं नेट गेलं होतं. तोही विंडोज सेव्हनचा. मी म्हटलं, "नाही चालायचं गं, नवा राउटर आहे." तिने पासवर्ड टाकला आणि दोन मिनिटांत तिचं काम सुरू! मी बघतच राहिलो.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. त्याने राउटरखालचं स्टिकर वाचायला लावलं, ब्राउझरमध्ये 192.168.1.1 हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडायला लावलं आणि सिक्युरिटीच्या खान्यात काय लिहिलंय ते विचारलं. लिहिलं होतं 'डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3 मिक्स्ड', म्हणजे वायफायच्या सुरक्षेची जुनी आणि नवी, दोन्ही पद्धती चालू. "मामा, आधी नुसतं डब्ल्यूपीए3 असणार. ते 2018 मध्ये आलं, सेव्हनला ते येतच नाही. रिपेअरवाल्याने हे एक बटण फिरवलं, तिथेच तुमचं काम झालं होतं. विंडोज उगाच विकलं." मग विचारलं, "राउटरच्या खोक्यात वायर होती का?" कपाटावरून खोकं काढलं. पिवळी लॅन केबल तशीच गुंडाळलेली, वरची तारही सोडलेली नव्हती. ती खोचली असती तर विंडोज कोणतंही असो, नेट चाललं असतं. वायरला डब्ल्यूपीए लागतच नाही.

'ओरिजिनल'चं सांगायचं तर आठवड्याभरात कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' उमटलं. इलेव्हनला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ती माझ्या लॅपटॉपमध्ये नाहीच. काहीतरी जुगाड करून त्याने ते बसवलं. 4 जीबी रॅमवर आता पान उघडेपर्यंत चहा होतो. पैशांपेक्षा टायपिंगचं सॉफ्टवेअर गेलं, ते जास्त लागलं. सी ड्राइव्ह फॉरमॅट करताना त्याने विचारलंही नाही. स्मरणिकेच्या फायली डी ड्राइव्हवर वाचल्या, पण उघडल्या की अक्षरांऐवजी नुसत्या चिन्हांची खिचडी.

तेव्हा तुमच्याकडेही नवा राउटर आला आणि जुनं मशीन अडलं, तर पाकीट काढण्याआधी केबल लावून बघा. वायफायचं नावच दिसत नसेल, तर 2.4 गीगाहर्ट्झचं नेटवर्क चालू आहे का ते पाहा, जुन्या वायफाय कार्डांना बरेचदा 5 गीगाहर्ट्झचं दिसतच नाही. सेव्हनवर बँकेचं काम करू नका, पण टायपिंगला मशीन चांगलं आहे, भंगारात काढू नका. फॉरमॅटला हात लावू देण्याआधी सी ड्राइव्हवर काय आहे ते आठवून बघा. बिल आधी. मी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तर त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं.

रिपेअरवाला आता फोन उचलत नाही. भाचा दिवाळीला येईल तेव्हा सेव्हन परत टाकणार आहे. तोवर जुन्या सॉफ्टवेअरची सीडी सापडायला हवी.